डाग काढून मिळतील म्हणे! जुने फोटो स्कॅन करून देणारं दुकान आणि आजोबांची स्टेशनं

आधी मार्क सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन. त्यातला अर्धा काउंटरवरच्या पोरासाठी, कारण मी तीन वेळा परत गेलो आणि तिन्ही वेळा त्याने एकदाही कपाळाला आठी घातली नाही, आपल्या गावात हे दुर्मिळच. दुकानाचं नाव लिहीत नाही, चुका झाल्या पण त्यांनी निस्तरल्या, मग उगाच बदनामी कशाला. शहराच्या मध्यवस्तीत आहे, गाडी लावायला जागा शून्य, आणि काचेवर मोठ्या अक्षरात लिहिलंय "जुने फोटो नव्यासारखे करून मिळतील". ही पाटी लक्षात ठेवा, सगळं रामायण हिच्यामुळे झालं.

आमचे आजोबा रेल्वेत असिस्टंट स्टेशन मास्तर, पुणे-मिरज लाईनवर, मीटरगेजच्या काळात. दर दोनतीन वर्षांनी बदली, त्यामुळे घरातलं कोण कुठल्या स्टेशनच्या क्वार्टरमध्ये चालायला शिकलं यावर आजही वाद होतात. फोटोचा नाद त्यांना भारी, आधी बॉक्स कॅमेरा होता, नंतर क्लिक थ्री, एका रोलात बाराच फोटो निघायचे म्हणून प्रत्येक फोटो विचार करून काढलेला. आत्याचं घर रिडेव्हलपमेंटला गेलं आणि आवराआवरीत माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला, त्यात ७१ प्रिंट आणि दोन पाकिटं निगेटिव्ह, मोजल्या तर ३८. आणि एवढ्या सगळ्यात स्टेशनचं नाव नीट वाचता येईल असे फोटो फक्त सहा. बाकी सगळीकडे प्लॅटफॉर्म आहे, माणसं आहेत, मागे दगडी भिंत नाहीतर झाड नाहीतर डब्याचा कोपरा, आणि फोटो कुठला हे कोणालाच माहीत नाही. आत्याला विचारलं तर सगळंच वाठार, काकांना विचारलं तर सगळंच लोणंद. म्हणलं स्कॅन करून मोठे करून बघू, म्हणून या दुकानात गेलो.

आता सर्व्हिसबद्दल. प्रिंटचे त्यांचे दोन रेट आहेत, ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) २० रुपये, १२०० ला ४०. काउंटरवरचे मालक म्हणाले, "अहो साहेब ३०० पुरतं, व्हॉट्सॅपलाच टाकणार ना?" इथे ऐकू नका. त्या काळचे बरेच प्रिंट निगेटिव्हच्याच मापाचे असायचे, सव्वादोन इंच बाय सव्वादोन, म्हणजे ३०० डीपीआयला ६७५ पिक्सेल, त्यात आजीचं नाक दिसेल पण तिच्या मागची पाटी दिसणार नाही. १२०० ला तेच २७०० होतात आणि मग खरी मजा सुरू होते. निगेटिव्हचे ५० रुपये, २४०० डीपीआयने करतात, साधारण ५३०० पिक्सेल येतात, आणि इथे मात्र मनापासून दाद, कारण प्रिंटमध्ये नुसता काळा ठिपका दिसणारी गोष्ट निगेटिव्हमध्ये सिग्नलचा दिवा निघाली. तो पोरगा हातमोजे घालून निगेटिव्ह हाताळत होता, ब्लोअरने धूळ उडवत होता, बघून बरं वाटलं. रिस्टोरेशनचे फोटोमागे ८० जास्त, मी वीस फोटो सांगितले. एकूण बिल ६३४०, बारा दिवस सांगितले आणि बाराव्या दिवशी पेन ड्राइव्ह हातात.

घरी येऊन टीव्हीला लावलं, आत्या, काका, चुलतभाऊ सगळे जमले, चहा झाला, पोहे झाले. रिस्टोर केलेले वीस आधी लावले आणि एकेक काय सुंदर! चकचकीत. आजी तर नटीसारखी दिसत होती. पाचव्या फोटोला आत्या एकदम म्हणाली, "अरे याच्यावरचा डाग कुठे गेला?" मी कौतुकाने म्हणलं की काढला त्यांनी. तर ती गप्पच झाली. मग म्हणाली, "तो पुराचा डाग होता रे."

झालं असं की १९६१ मध्ये बदलीच्या गावी सामान ठेवायला जागा नाही म्हणून हा डबा शनिवार पेठेतल्या वाड्यात फडताळात ठेवलेला होता. १२ जुलैला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, आमच्या वाड्याचा खालचा मजला गेला. डबा निघाला चिखलातून. खालच्या बाजूला ठेवलेल्या फोटोंवर एक तपकिरी रेघ उमटली, एका कोपऱ्यातून तिरकी, अगदी सारख्या उंचीवर. आत्या तेव्हा सतरा वर्षांची, तिने आणि आजीने ते फोटो धुऊन दोरीवर वाळत घातले होते. ती रेघ तिच्या लेखी फोटोचाच भाग.

आणि भावना राहू दे बाजूला, माझ्या कामाच्या दृष्टीने पण ती रेघ म्हणजे सोनं होतं. ज्या फोटोवर रेघ आहे तो १२ जुलै १९६१ च्या आधीचा, काही शंकाच नाही. आजोबांच्या बदल्यांचे कागद आमच्याकडे आहेत, त्यामुळे साल कळलं की स्टेशनांची यादी निम्मी होते. दुकानाने ८० रुपये घेऊन नेमकी तारीखच पुसून दिली! मूळ प्रिंट आहेतच म्हणा, पण पेन ड्राइव्हमध्ये साधं स्कॅन ठेवलेलंच नव्हतं, त्या वीस फोटोंचं फक्त "नव्यासारखं" केलेलं व्हर्जन. विचारल्यावर मालक म्हणाले, "लोकांना तेच पाहिजे असतं." खरं असेल. पण विचारायला काय जातं?

दुसरा किस्सा याच्याही वरचा. आत्या आणि तिच्या यजमानांचा लग्नानंतरचा फोटो, दोघं प्लॅटफॉर्मवर उभे, मागे नुसतं पांढरं आकाश. रिस्टोरेशनमध्ये आकाश तर काय गुळगुळीत, एक ठिपका नाही. आत्याला आठवत नाही, म्हणते देवाला गेलो होतो एवढं खरं. मी परत जाऊन त्याचं साधं स्कॅन मागून घेतलं, पोराने तिथल्या तिथे फुकट करून दिलं, घरी येऊन नुसता काळेपणा थोडा वाढवला तर आकाशात हळूहळू एक डोंगर उगवला. फिकट, प्रिंटच्या मळासारखाच, पण डोंगर, आणि त्याच्या माथ्यावर बांधकामाचे उंचवटे. काका खुर्चीतून अर्धे उठले आणि म्हणाले "यळकोट यळकोट!" जेजुरीचा गड! नवं जोडपं, देवाला, मिरज लाईन, दुसरं काय असणार. दुकानातल्या सॉफ्टवेअरला खंडोबा मळ वाटला आणि त्याने पुसून टाकला. ह्यावर आमच्याकडे अजून जोक चालू आहेत.

तिसरं, पाट्या. ह्यावर जरा सविस्तर लिहितो कारण कोणाला उपयोग होईल. एका फोटोत लांबवर पिवळी पाटी (म्हणजे फोटोत राखाडीच, पण आपण समजायचं) आणि अक्षरं पूर्ण फुटलेली. दुकानाच्या एआय पॅकेजने त्या पाटीवर ठळक, काळंभोर, सुवाच्य नाव लिहून दिलं, फक्त ते कुठल्याच भाषेत नव्हतं. एक ळ सारखं काहीतरी, मग उलटा ज, मग एक काना ज्याला अक्षरच नाही. इंग्रजी ओळीत पण तसंच, अर्धा एम आणि नुसते दांडे. इतकं स्वच्छ लिहिलेलं की काका चष्मा लावून दोन मिनिटं वाचायचा प्रयत्न करत होते. म्हणजे मशीनला तिथे अक्षरं आहेत एवढं कळलं, कुठली ते कळलं नाही, मग त्याने अक्षरांसारखी नक्षी काढून दिली.

साध्या स्कॅनमध्ये तीच पाटी नुसता धूर दिसते, पण त्या धुरातून काढता येतं. कसं ते सांगतो. आपल्या लिपीत शिरोरेघ असते, फोटो कितीही हलला तरी ती आडवी काळी पट्टी शिल्लक राहते. मग अक्षरं वाचायचीच नाहीत, शिरोरेघेच्या वर काय आहे आणि खाली काय लोंबतंय तेवढंच मोजायचं. वाठार असेल तर वर काहीच नाही, सपाट. नीरा असेल तर सुरुवातीलाच एक वेलांटी. जेजुरी म्हणजे आधी एक मात्रा, शेवटाला वेलांटी आणि मध्ये खाली उकार लोंबतो. रहिमतपूरला सुरुवातीजवळ वेलांटी आणि शेवटाकडे खाली उकार, आणि पाटी चांगली लांब. आदर्कीला सगळा पसारा उजव्या टोकाला, रफार आणि वेलांटी एकात एक. आमच्या धुरात सुरुवातीला वर एक तिरका फराटा होता, मग मध्ये मोकळं, आणि शेवटाकडे वर एक सुटा ठिपका. मात्रा आणि अनुस्वार. लोणंद! खालच्या इंग्रजी ओळीत सहा ठोकळे मोजता येत होते, ते पण जुळलं. काकांनी तो संपूर्ण दिवस विजयी मुद्रेने काढला, कारण हा फोटो आत्या वाठारचा म्हणत होती.

पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची पण लिहिलेली असते आणि ती फुटात आहे की मीटरमध्ये यावरून काळाचा अंदाज येतो, फूट असेल तर मेट्रिक येण्याआधीची पाटी. अर्थात पाटी रंगवायला रेल्वेला कधी वेळ मिळाला हा वेगळा विषय.

आता दुकानाची सगळ्यात मोठी चूक, जिच्यात माझे दोन आठवडे गेले. निगेटिव्हमधून आलेला एक फोटो, आजी, आजोबा आणि मांडीवर काका, मागे स्टेशनची इमारत, एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला सिग्नलचा खांब. पाटी नाही. आमच्याकडे वाठारचा पाटीसकट एक फोटो आहे, त्यात पण टाकी, पण इमारतीच्या दुसऱ्या बाजूला. आत्या म्हणत राहिली की हे वाठारच, ती कमान बघ, ते खांब बघ. मी शास्त्रशुद्ध माणूस, मी म्हणलं टाकी डावीकडची उजवीकडे जाते होय? वाठार बाद. मग नीरा बघितलं, कोरेगाव बघितलं, मसूर बघितलं, नेटवर जे जे जुने फोटो मिळतील ते लावून बघितले, रात्री एक एक वाजेपर्यंत. बायको म्हणाली तू स्टेशन मास्तरच्या नातवापेक्षा रेल्वे पोलिसासारखा वागायला लागलायस.

शेवटी कोडं सुटलं ते आत्यामुळेच. एका रविवारी ती फोटो मोबाइलवर मोठा करून आजीचा चेहरा बघत होती आणि म्हणाली, "आई उजव्या खांद्यावर पदर घ्यायला लागली? गुजराती कधी झाली ही?" मी फोन हिसकावूनच घेतला जवळजवळ. आजोबांचं घड्याळ उजव्या हातात. शर्टाची बटणपट्टी बायकांच्या ब्लाउजसारखी उलटी. सिग्नलचा हात खांबाच्या उजवीकडे. अख्खा फोटोच उलटा होता!

निगेटिव्हला एक चकचकीत बाजू असते आणि एक मॅट, मसाल्याची. स्कॅनरवर उलटी ठेवली की डावं उजवं होतं. त्या काळच्या रोलच्या कडेला कंपनीचं नाव आणि फ्रेमचे नंबर छापलेले असतात, ते सरळ वाचता आले की बाजू बरोबर, एवढी सोपी खूण, पण दुकानाने "नीटनेटकं" दिसावं म्हणून सगळ्या कडा कापून टाकलेल्या. फोटो मोबाइलवर फ्लिप केला, वाठारच्या दुसऱ्या फोटोशेजारी ठेवला, टाकीला टाकी, कमानीला कमान, खांबाला खांब. आत्याने काही म्हणलं नाही, फक्त एक लाडू उचलून खाल्ला.

मी लगेच सगळ्या ३८ तपासल्या तर एकूण नऊ उलट्या निघाल्या. दुकानात गेलो, जरा चढ्या आवाजातच गेलो, खोटं कशाला बोलू. पोराने आधी माझ्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे, मग म्हणाला, "काका, एक अख्खी पट्टी उलटी ठेवली गेली माझ्याकडून, सॉरी, संध्याकाळपर्यंत करून देतो." संध्याकाळी सातला कडांसकट सगळ्या परत करून दिल्या, एक रुपया घेतला नाही. मालक मात्र म्हणाले, "इतकं कोण बघतं हो?" असो.

सिग्नलच्या हाताबद्दल एक भर घालतो, नाहीतर कोणी मीच फसवलं म्हणेल. ड्रायव्हरच्या बाजूने बघितलं की हाताची फळी खांबाच्या डावीकडे असते, पण तुम्ही मागच्या बाजूने फोटो काढला असेल तर ती उजवीकडेच दिसणार. म्हणून एकट्या सिग्नलवर जाऊ नका. पदर आणि बटणं जास्त भरवशाची.

मीटरगेज की ब्रॉडगेज हे ओळखायला पण मोठं स्कॅन लागतंच. लोक म्हणतात रुळ बघा, पण एकटे रुळ बघून कोणाला कळतंय, शेजारी काही नसेल तर सगळेच रुळ सारखे. डबा समोरून दिसत असेल तर त्याची रुंदी आणि त्याखालच्या रुळांमधलं अंतर स्क्रीनवर पट्टी लावून मोजायचं. मीटरगेजचा डबा साधारण पावणेतीन मीटर रुंद आणि रुळ एक मीटर, म्हणजे पावणेतीन पट, दोन्हीकडून चांगला बाहेर आलेला, जाड माणूस छोट्या स्टुलावर बसावा तसा. ब्रॉडगेजचा सव्वातीन मीटर आणि रुळ १६७६ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दुप्पट. आणि समोरून बफर दिसले तर प्रश्नच मिटला, त्या काळच्या ब्रॉडगेजला दोन्ही बाजूंना दोन गोल थाळ्यांसारखे बफर, मीटरगेजला मध्ये एकच.

ह्याच्यामुळे आत्याचं एक वाठार पण गेलं बरं का, नाहीतर तुम्हाला वाटेल ती नेहमीच बरोबर. एका फोटोत आजी एकटी बाकावर बसलेली, शेजारी डब्याचं तोंड, दोन बफर स्पष्ट. पुणे-मिरज १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज झालं, आजोबा तर १९६८ लाच रिटायर, आणि या फोटोवर पुराची रेघ आहे, म्हणजे ६१ च्या आधीचा. तेव्हा वाठारला ब्रॉडगेजचा डबा येईलच कसा? मग कुठलं? वर विजेच्या तारा नाहीत, खांब नाहीत. मुंबई-पुणे लाईनवर १९३० पर्यंत वीज आलेली होती, डेक्कन क्वीन सुरू झाली तीच १ जून १९३० ला, म्हणजे लोणावळा, तळेगाव ही बाजू बाद. राहता राहिली दौंडची बाजू. काकांना आठवतंय की सोलापूरला एका लग्नाला गेलो होतो आणि गाडी मध्येच कुठेतरी तीन तास पडून होती. यवत, केडगाव, पाटस यांपैकी काहीतरी असेल, त्याच्यापुढे आमची गाडी पण पडूनच आहे.

सगळ्यात आवडता फोटो मात्र छोट्या गाडीचा. अगदी खेळण्यातल्यासारखे डबे, खिडकीत पणजी, हातात तुळशीची माळ, टपावर माणसं. बार्शी लाईट रेल्वेची नॅरोगेज, अडीच फुटी, यावर सगळ्यांचं एकमत, लातूर-कुर्डुवाडी-पंढरपूर-मिरज अशी जाणारी. मी म्हणलं पंढरपूर, कारण माळ, कारण गर्दी. पण १२०० च्या स्कॅनमध्ये डाव्या कोपऱ्यात, पणजीच्या खिडकीपलीकडे, दुसऱ्या एका डब्याचं टोक दिसलं आणि त्याला मध्ये एकच बफर, आणि डबा छोट्या गाडीपेक्षा मोठा. म्हणजे नॅरोगेजच्या शेजारी मीटरगेज. आता ही छोटी गाडी मोठ्या लाईनला भेटायची दोनच ठिकाणी, कुर्डुवाडीला ब्रॉडगेज आणि मिरजेला मीटरगेज. म्हणजे मिरज! ही गाडी मिरजेपर्यंत आली १९२७ मध्ये आणि आमचा फोटो रेघेवाला, त्या शेजारच्या मीटरगेज डब्यावर द.रे. अशी अक्षरं पुसट दिसतात. दक्षिण रेल्वे झाली १९५१ ला. म्हणजे १९५१ ते ६१ मधला. आजोबा मिरजेला होते ५६ ते ५८. बसलं की नाही सगळं? अंगावर काटा आला अक्षरशः.

आणि याचा पुरावा पाठीमागेच होता, हे त्याहून वाईट. दुकानाने एकाही फोटोची मागची बाजू स्कॅन केली नव्हती. मी पण मूर्ख, मी घाईत डबा उचलून नेऊन दिला, एकेक उलटून बघितला नाही. मिरजेच्या फोटोमागे पेन्सिलीने आजोबांच्या अक्षरात: "ति. आईस वारीकरिता बसवून दिले. गाडी १ तास उशिरा. पाऊस." स्टेशनचं नाव नाही! अख्खं आयुष्य स्टेशनात काढलेला माणूस, त्याला नाव लिहायची गरजच वाटली नसणार. गाडी किती उशिरा ते मात्र लिहिलं. मागच्या बाजूंचे वेगळे पैसे पडतात, निम्मा रेट, ते मी आपण होऊन विचारल्यावर कळलं. काउंटरवर तसा बोर्ड लावायला हरकत नाही.

एक फोटो अजून रोज बघतो. आजोबा प्लॅटफॉर्मच्या टोकाला, हात वर, हातात मोठं कडं, त्याला लटकलेली चामड्याची पिशवी, इंजिनावरचा माणूस वाकून ते घ्यायला आलेला. सिंगल लाईनवर ड्रायव्हरला पुढे जायची परवानगी म्हणून लोखंडी गोळा द्यायचे, टोकन, तो त्या पिशवीत असतो. गोळा हातात नसेल तर गाडी हलायची नाही, पुढच्या सेक्शनमध्ये एकावेळी एकच गाडी. आणि त्या गोळ्यावर दोन्हीकडच्या स्टेशनांची नावं कोरलेली असतात! म्हणजे या फोटोत उत्तर आहे, आजोबांच्या हातातच आहे, पण पिशवीत. २४०० डीपीआय काय आणि २४००० काय. काका म्हणतात लोणंद. म्हणणारच.

पुणे स्टेशनचे चार फोटो आहेत, त्यात ओळखण्यासारखं काही नाही, १९२५ ची इमारत, अजून तशीच उभी, रिक्षावाला पण सांगेल.

जाणार असाल तर काय सांगायचं ते सांगतो. १२०० च्या खाली जाऊ नका. साधं स्कॅन वेगळं द्या म्हणायचं, रिस्टोरेशन पाहिजे तर त्याच्यावरून वेगळं, आणि ते पण फ्रेम करून भिंतीला लावायच्या फोटोचंच. कडा कापू नका, मागची बाजू घ्या, एआयने पाट्या "सुधारू" नका हे तोंडाने स्पष्ट सांगा, एकदा नाही दोनदा. फायलींना नंबर तुमच्या पाकिटाप्रमाणे द्यायला लावा, आमचे सगळे एकत्र झाले आणि कुठली निगेटिव्ह कुठल्या रोलातली हे जुळवायला एक शनिवार गेला, एका रोलातले बारा फोटो बहुतेक एकाच फिरतीतले असतात, त्यामुळे एक ओळखला की बाकीच्यांना धागा मिळतो. मालकांशी वाद घालू नका, पोराशी बोला. दुचाकीवर जा.

७१ पैकी आता ४९ चं स्टेशन लागलंय. लोणंद १४, वाठार १७, आत्या आघाडीवर आहे. काकांच्या मते मोजणीत घोळ आहे.

पुढच्या आठवड्यात परत जायचंय, आत्याच्या सासरच्या घरून अजून एक पाकीट निघालंय, तेवीस निगेटिव्ह. या वेळी पाकिटावर तिने स्वतः लाल स्केचपेनने लिहून दिलंय, डाग काढू नये.